उडणारा माणूस आणि आमची पिक्चरवाली

पिक्चरवालीला विडी वळता येत नव्हती. सोलापूरच्या पूर्व भागात बायका भांडताना, पोराला पाजताना, डुलकी घेतानाही विडी वळतात. तिथे हे सांगितलं तर कोणी खरं मानणार नाही. पण मी तिच्या शेजारी बसत होते. तिची विडी एका टोकाला फुगायची आणि दुसऱ्या टोकाला सुटायची. तरी सकाळी कारखान्याच्या शाखेत माल द्यायला निघताना तिची पाटी आमच्याइतकीच भरलेली असायची, कारण ती आम्हीच भरायचो.

आम्ही विड्या वळत बसायचो त्या अंगणाची तशी रीत होती. जी बाई वाचून दाखवेल किंवा गोष्ट सांगेल, तिचे हात अडकतात, म्हणून तिच्या सुपात प्रत्येकीने आपल्या वळलेल्या विड्यांची एकेक जुडी टाकायची. ही रीत पिक्चरवालीसाठी पडली नव्हती, माझ्यासाठी पडली होती. मी चौथी पास, अंगणात वाचता येणारी एकटी. मला सगळ्या मास्तरीण म्हणायच्या. मी पोथी वाचायची, पुडीचा कागद हाताला लागला तर तोही वाचायची. दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा ही बाई समोरच्या खोलीत राहायला आली. नवरा भिवंडीला यंत्रमागावर. आल्या आठवड्यात तिने एक पिक्चर सांगितला आणि माझी पोथी फडक्यात गेली ती गेलीच. जुड्या तिच्या सुपात पडायला लागल्या. मला राग आला. आजही आठवलं की येतो.

ती तेलुगू, पण मराठी फाडफाड बोलायची. मला 'वदिना' म्हणायची, म्हणजे वहिनी. मी काही तिला तसं म्हणायला सांगितलं नव्हतं. दर आठवड्याला ती थेटरात पुढच्या बाकड्यावर बसून पिक्चर बघून यायची आणि तीन तासांचा पिक्चर चार-पाच दिवस पुरवायची. मारामारी आली की पदर खोचून उभी राहायची. व्हिलन आला की एक डोळा बारीक करायची, आणि शिव्या तेवढ्या तेलुगूत द्यायची. ऐन रंगात आलं की थांबायची. "फुडचं उद्या. आधी पानी द्या की कुनीतरी." मग पाणी द्यायला तिघी उठायच्या. वाचून वाचून माझा घसा कोरडा पडला तरी माझी मीच उठत असे.

माझे मालक गिरणीत होते, युनियनमध्ये पुढे पुढे असायचे. पिक्चरचा त्यांना तिटकारा. एकदा दारात उभे राहून ते तिला म्हणाले, "बाई, ही अफू आहे. एक हिरो सगळ्यांना वाचवतो हे दाखवायचं, म्हणजे गरिबाने आपलं वर तोंड करून बसावं."

ती म्हणाली, "भाऊ, तीन तास पाट दुकत न्हाय माजी. तुमच्या सबेत बसलं की लई दुकती."

मालक हसले. मोठ्याने हसले. माझ्या कुठल्या बोलण्यावर त्यांना असं हसू आलेलं मला आठवत नाही. त्या दिवसापासून पाळी सुटली की ते दाराच्या आतल्या बाजूला पेपर घेऊन बसायचे. पेपराचं पान उलटलेलं मात्र ऐकू यायचं नाही.

त्याच सुमारास तो उडणाऱ्या माणसाचा पिक्चर आला. तोंडावर मुखवटा, पाठीवर लाल कापड, गोळी लागली तरी मरत नाही. गावात एक शेठ असतो. बायकांनी निवडून आणलेलं धान्य तो खराब म्हणून बाजूला काढतो आणि पाठीमागून स्वतःच विकतो. ऐकताना बायकांचे हात थांबले. कारण शाखेत आमचा माल तपासणारा माणूस हेच करायचा. चांगल्या विड्याही 'छाट', म्हणजे खराब, म्हणून बाजूला टाकायचा आणि त्यांचे पैसे कापायचा. छाट विडी मोडून फेकायची असते, पण तो मोडायचा नाही, टोपलीत ठेवायचा आणि मागाहून विकायचा.

"मग आला का उडत?" येल्लव्वाने विचारलं. येल्लव्वा आमच्यात सगळ्यात म्हातारी.

"आला की. पर त्याच्या आदी बाया काय करत्यात, सगळी पोती खाली ठिवत्यात आन् तितंच बसत्यात. म्हनत्यात, आमच्यासमोर मातीत टाक ते खराब धान्य, मग उटतो. शेटला घाम फुटला. हा वरून बघतुया. दोन घिरट्या घातल्या आन् गेला माघारी."

"माघारी गेला? मग आला कशाला?" मी म्हणाले.

"वदिना, उडायचं काम हाय त्याचं. तो उडला."

सगळ्या हसल्या. मला तेव्हाच संशय आला. असा पिक्चर काढायला कोण पैसे घालेल? मी जन्मात एकटी थेटरात गेले नव्हते. दुसऱ्या दिवशी बहिणीकडे जाते म्हणून सांगितलं आणि त्याच बाकड्यावर जाऊन बसले. मला जे वाटलं होतं तेच निघालं. त्या पिक्चरमध्ये बायका कुठे पोती ठेवत नाहीत की बसत नाहीत. त्या हात जोडून आभाळाकडे बघतात. तो येतो, शेठला उचलून विहिरीत टाकतो, बायका त्याला ओवाळतात आणि संपलं.

मी अंगणात सगळ्यांसमोर हे सांगितलं. हिने तुम्हाला खोटं सांगितलं, असं स्पष्ट म्हणाले. मला वाटलं, आता ही खाली मान घालेल. ती तंबाखू चाळत बसली. येल्लव्वा म्हणाली, "मास्तरीण, तू बगितलेला तुज्याजवळ ठेव. आमाला हिचा बरा हाय." आणि हातातली जुडी तिच्या सुपात टाकली. माझ्यादेखत.

आठ-दहा दिवसांनी शाखेत तपासणाऱ्याने येल्लव्वाचा अर्धा माल छाट केला. म्हातारीने पाटी खाली ठेवली आणि बसली. "मोड," म्हणाली. "आमच्यासमोर मोड, मग उटतो." तिच्यामागची बसली, तिच्यामागची बसली. मी पण बसले. उभी राहिले असते तर एकटीच उभी दिसले असते. शेवटी आतून शाखेचा हिशेब बघणारा मुनशी आला. माल अडला तर त्याला वर उत्तर द्यावं लागणार होतं. त्याने तपासणाऱ्याला प्रत्येक छाट विडी आमच्यासमोर मोडायला लावली. त्या दिवसापासून छाट एकदम कमी झाली. मोडायची म्हटल्यावर चांगली विडी बाजूला काढण्यात त्याचा फायदा राहिला नाही.

मालकांनी ते ऐकलं आणि म्हणाले, "आम्ही गेटवर बारा भाषणं केली तरी माणूस बसत नाही. त्या बाईने हे केलं कसं?" मी म्हणाले, मी पण बसले होते. ते त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे.

पण तपासणाऱ्याने डूख धरला. हे कुणाच्या तोंडून निघालं ते त्याला कळलं होतं. तो माणूस नालायक असला तरी त्याची नजर पक्की होती. प्रत्येक बाईचा वळायचा हात वेगळा असतो. कुणी घट्ट वळते, कुणी टोक आत दाबते. एक दिवस त्याने पिक्चरवालीच्या जुड्या ओळीने मांडल्या आणि मुनशीला दाखवलं की हे एका बाईचं काम नाही. मग पान-तंबाखू तिच्यापुढे ठेवून म्हणाला, "एक वळून दाखव." तिने वळली. ती त्याच्या हातातच सुटली.

येल्लव्वा बसायला निघाली होती. पिक्चरवालीने तिचा दंड धरला. "नगं. आता बसलात तर इचारतील जुड्या कुनी दिल्या. सगळ्यांची कार्डं जातील." आणि स्वतःचं कामाचं कार्ड मुनशीच्या टेबलावर ठेवून ती घरी आली.

कार्ड गेलं म्हणजे इथलं पोट गेलं. चार दिवसांत तिने भिवंडीला नवऱ्याकडे जायचं ठरवलं. बाकीच्या बायकांना शाखेत माल द्यायचा होता, म्हणून एस.टी. स्टँडवर तिची ट्रंक धरायला मी गेले. मालकांनी सांगितलं होतं, नाहीतर गेले नसते.

गाडीला वेळ होता. तिने विचारलं, "वदिना, खरं सांग. पिक्चरात तो उडनारा खाली आला तवा तुला कसं वाटलं?"

मी खोटं बोलत नाही. म्हणाले, "छातीत भरून आलं. ओवाळताना माझेही हात वर झाले होते."

"माजेबी," ती म्हणाली. "लई रडले मी. घरी येईस्तवर वरच बगत आले. म्हनून तर त्याला माघारी धाडला. तुमी बी समद्या वर बगत बसला असता."

गाडी लागली. ती चढली, खिडकीतून ट्रंक ओढून घेतली आणि शेजारच्या बाईला लगेच काहीतरी सांगायला लागली. ती बाई हसलेली मी बघितली.

तिला लिहितावाचता येत नव्हतं. मी चौथी पास होते, बाकडं तेच होतं, पडदाही तोच होता. मी पिक्चर बघून आले ते कोण खरं आणि कोण खोटं एवढंच घेऊन. तिला जे सुचलं ते मला का सुचलं नाही, याबद्दल मी अजून तिला माफ केलेलं नाही.