वच्छलाकाकूंनी खिडकीवर विचारलं

आयटीआयतून वेल्डिंग शिकून आल्यावर चार वर्षं मी एक कार्ड सांभाळत बसलो. हे काम मी फार मन लावून केलं. दुर्गच्या रोजगार कार्यालयाचं ते कार्ड. नंबर लागला की पोलादाच्या सरकारी प्लांटमधून पक्क्या नोकरीचं बोलावणं येणार. चरोद्याच्या रेल्वे कॉलनीतली आम्ही आयटीआयची पोरं सगळी तेच करत होतो. कुठे ठेकेदाराकडे कच्च्या, तात्पुरत्या कामावर लागलात तर कार्ड कटतं, यादीतून नाव जातं, हे आमच्यात वेदवाक्य होतं. कोणी सांगितलं, ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

शेजारच्या वच्छलाकाकू नवऱ्यामागे रेल्वेत पाणीवाली बाई म्हणून लागल्या होत्या. अक्षरओळख सहीपुरती, आवाज मात्र अख्ख्या यार्डात ऐकू जाईल असा. त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात खुर्सीपारच्या एका ठेकेदाराने मला वेल्डिंगला बोलावलं. सोमवारपर्यंत ये, नाहीतर दुसरा घेतो. मी जाणार नाही, हे काकूंना कळलं.

"कावून नाही जात रे?"

"कार्ड कटते, काकू."

"कोनं पाह्यलं कटताना?"

शुक्रवारी त्यांनी रजा टाकली, मला लोकलमध्ये बसवलं आणि कार्यालयाच्या खिडकीत डोकं घातलं. "बाबूजी, कच्चे काम पे गया तो इसका नाम कटेगा क्या?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबूने रजिस्टरवरून मान वर केली. "नहीं कटता, माई. बस, टाइम पे नवीनीकरण कराना."

चार वर्षं अडलेलं उत्तर अर्ध्या मिनिटात मिळालं.

परतल्यावर मी पोरांना सांगितलं. "पाणीवालीले काय समजते कायदा!" म्हणत ती हसली आणि पत्ते पिसू लागली. मी सोमवारी कामावर गेलो. डोळे सुजले, हात भाजले, पण दोन वर्षांत हात बसला.

पंच्याऐंशीत प्लांटचं बोलावणं आलं, आम्हा नऊ जणांना एकदमच. परीक्षेत लोखंडाच्या दोन पट्ट्या जोडायच्या होत्या. बाकी आठांची कार्डं घडीसुद्धा न पडलेली, पण वेल्डिंगचा होल्डर सहा वर्षं हातात आलेला नव्हता. एकट्या माझा जोड टिकला.

माझ्या घरची चूल काकूंच्या त्या एका प्रश्नावर पेटली, हे मी कधी विसरलो नाही. नोकरी पक्की झाली त्या दिवशी पेढे घेऊन धावतच गेलो, पाया पडलो. काकूंचे डोळे भरून आले. पेढा तोंडाशी नेता नेता त्या थांबल्या.

"आन् बाकीचे पोट्टे?"

"कोणाचाच जोड नाही टिकला, काकू."

काकूंनी पेढा तसाच डब्यात ठेवला आणि पायांत चप्पल सरकवली. "चाल. माह्यं नाही ऐकलं त्याईनं. आता तू सांग, कामाले लागा म्हनून."