अंगठ्यासाठी फेटा

ह्यांना विसरण्याचा आजार जडला, तेव्हा मी साठी ओलांडलेली, केस रंगवणारी आणि स्वतःला फार शहाणी समजणारी बाई होते. आज ती बाई समोर आली तर तिला चहासुद्धा विचारणार नाही.

जळगावचं आमचं घर माझ्या नावावर, पण धुळ्याजवळचं शेत ह्यांच्या. धाकटे दीर धुळ्याहून आले. म्हणाले, "वहिनी, दादांचं मुखत्यारपत्र माझ्या नावानं करून टाकू. तुम्हाला कुठं कोर्टकचेऱ्या जमतात?"

"नाहीच जमत," मी लाजून म्हणाले. लाजून! शेत हातचं जातंय हे कळायच्या जागी मला कौतुक वाटलं.

रजिस्ट्रारच्या ऑफिसात माणूस शहाणा दिसला पाहिजे, म्हणून मी ह्यांना धोतर नेसवलं, कोरा सदरा घातला, कपाळाला गंध लावलं. दिरांनी वर फेटा बांधला. सोबत घरातले पाच-सहा जण, सगळे इस्त्रीतले. आमच्याकडे अब्रूचं काम असलं की माणसाला नटवतात, त्याला विचारत कुणी नाही.

साहेबांनी विचारलं, "आबा, कशासाठी आलात?"

ह्यांनी आमच्याकडे पाहिलं, स्वतःच्या धोतराकडे पाहिलं आणि लग्नमांडवात पाहुणे मोजावेत तसं खुशीत, अहिराणीत विचारलं, "बठ्ठा पाव्हना उनात का? नवरदेव कोठे शे?"

दीर घाईनं म्हणाले, "थट्टा करतात हो दादा. अंगठा घ्या."

साहेबांनी कागद परत सरकवला. "ज्याला कागद कळत नाही, त्याचा अंगठा मी घेत नाही."

चिडून मी वकीलबाईंकडे गेले. "मी बायको आहे, मीच सही करते की!"

त्या म्हणाल्या, "आजी, लग्न झालं म्हणून नवऱ्याची सही बायकोच्या हातात येत नाही. शेताची काय ती व्यवस्था त्यांना समजत होतं तेव्हाच करायची होती. आता पालक कोर्टच नेमेल." विसरणं नुकतं सुरू झालं तेव्हा ह्यांना समजत होतं, आणि मी शेजारणींना सांगत होते, "वयच झालंय."

अर्ज केला तशी दिरांना घराण्याची आठवण झाली. "वहिनी, कोर्टात जाऊन घराची अब्रू घालवता?"

"भाऊजी, दादांना फेटा बांधून नेलंत तेव्हा अब्रू गाडीच्या डिकीत ठेवली होती का?"

डॉक्टरांचे दाखले झाले, तारखांवर तारखा झाल्या आणि कोर्टानं मला पालक नेमलं. वरून अट घातली: शेताचं उत्पन्न ह्यांच्यावरच खर्च करायचं, हिशेब द्यायचा आणि परवानगीशिवाय शेत विकायचं नाही. दीर धावत आले.

"म्हणजे तुम्हालाही विकता येणार नाही?"

"नाही," मी म्हणाले, "आणि कुणाला विकायला देताही येणार नाही. बसा, चहा टाकते."

ते बसले नाहीत. त्यानंतर भावाला बघायला एकदाही आले नाहीत. डॉक्टर मात्र अजून म्हणतात, विसरण्याचा आजार घरात एकालाच आहे.