नापासबाईंची पैज

माझ्या सासूबाई गॅसच्या शेगड्यांच्या कारखान्यात शेवटच्या टेबलावर बसत. शेगडी जोडून, पुसून खोक्यात जायच्या आधी त्यांच्यासमोर यायची, आणि यांनी बोट उचललं की आल्या वाटेने परत जायची. एखादा स्क्रू ढिला असला तर शेगडी परत. स्क्रूच नसला, नुसतं भोक उघडं राहिलं असलं, तर शेगडी परत आणि जोडणाऱ्याची सगळ्यांसमोर खरडपट्टी. रिकामं भोक म्हणजे अर्धवट काम, असं त्यांचं मत होतं आणि त्या मताला कारखान्यात अपील नव्हतं. सगळे त्यांना नापासबाई म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण त्यांना ठाऊक होतं, आणि माझा अंदाज असा की मनातून आवडतही होतं.

नोकरी संपून बरीच वर्षं झाली तरी ते बोट काही खाली आलेलं नाही. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी घडी घातलेली चादर त्यांनी माझ्यादेखत उलगडली आणि पुन्हा घातली. त्या दिवसापासून मी त्यांच्याकडच्या चादरींना हात लावत नाही. राग त्यांच्या नाकावर असतो, माझाही काही फार लांब नसतो. तरी आमचं छान जमतं, फक्त मधे एक भिंत आणि दोन-तीन रस्ते हवेत.

त्या एकट्या राहतात. तिसरा मजला, दोन खोल्या, लिफ्ट नाही. सासरे गेल्यापासून माझा नवरा त्यांना आमच्याकडे आणायच्या मागे लागलाय. तो त्यांचा एकुलता एक मुलगा. गेल्या वर्षी त्या न्हाणीघरात घसरल्या, मनगट प्लास्टरमध्ये गेलं, तेव्हापासून तर त्याने धोशाच लावलाय. आणि त्या दरवेळी साफ नाही म्हणतात.

दुपार त्यांची कॉम्प्युटरवर जाते. कधी न पाहिलेल्या माणसांशी त्या बुद्धिबळ खेळतात आणि समोरच्याने वजीर घालवला की, त्याला ऐकू जात नसलं तरी, त्याला चांगलं फैलावर घेतात. या उन्हाळ्यात तो कॉम्प्युटर तापायला लागला आणि ऐन रंगात आलेले डाव अर्ध्यावर बंद पडायला लागले. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याने सांगितलं की जुन्या पेटीत वारा खेळत नाही, मोठं कॅबिनेट घ्या. सासूबाईंनी त्याच्याकडूनच एक वापरलेलं कॅबिनेट घेतलं, दोन पंख्यांचं. आतलं सामान हलवून देतो, असंही तो म्हणाला. त्यावर त्या काय म्हणाल्या असतील ते मला विचारायची गरज नाही. सगळं सामान त्यांनी स्वतःच एका शनिवारी नव्या पेटीत हलवलं.

रविवारी आम्ही गेलो तेव्हा त्या वाटच बघत होत्या. आतल्या तारा एका रेषेत बांधलेल्या, स्क्रू सगळे जागच्या जागी, बाहेरचा पत्रा पुसून लख्ख. त्यांनी आम्हाला समोर बसवलं आणि बटण दाबलं. पंख्याने अर्धा वळसा घेतला आणि तो थांबला. पुन्हा दाबलं. पुन्हा अर्धा वळसा.

इथे माझ्या नवऱ्याने गप्प बसायला हवं होतं. मी त्याच्या पायावर पाय दिला होता. तरी तो बोललाच.

"आई, आता तुला एकटीला झेपत नाही. हा कॉम्प्युटरही नाही आणि हे घरही नाही."

सासूबाईंनी स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवला. मला वाटलं आता आवाज चढणार. तो चढला नाही, आणि तेच वाईट होतं.

"पुढच्या रविवारी ये," त्या म्हणाल्या. "तोवर हा चालू झाला नाही तर मी तुझ्याकडे राहायला येते. कायमची."

"कोणाची मदत न घेता?"

"मदत मागितलीय कोणी?"

जिना उतरताना नवरा शीळ घालत होता. मला त्याचा असा राग आला की गाडीत मी मागच्या सीटवर जाऊन बसले. खरं सांगायचं तर त्या रागात माझा स्वार्थही होता. त्या आल्या तर आमच्या घरातल्या सगळ्या चादरी उलगडणार. पण तेवढंच नव्हतं. एवढी वर्षं जिने दुसऱ्यांचा माल पास-नापास केला, तिला आता पोटचा मुलगा बोट उचलून दाखवत होता, आणि ते मला सहन होत नव्हतं.

बुधवारी काम संपल्यावर मी गेले. मी दातांच्या दवाखान्यात बसते, लोकांना तारखा देते. सासूबाईंनी पेटीचा पत्रा काढला होता आणि घोडं नेमकं कुठे अडलंय ते शोधायला बसल्या होत्या. टॉर्च धरू का, असं मी विचारलं. जरा विचार करून त्यांनी परवानगी दिली. टॉर्च धरणं म्हणजे मदत नाही म्हणाल्या, फक्त टॉर्चने तोंड बंद ठेवायचं.

मग टॉर्चने तोंड बंद ठेवलं. आधी त्यांनी भिंतीवरचा प्लग तपासला, त्यात टेबललॅम्प लावला, तो लागला. मग रॅमच्या पट्ट्या काढल्या, खोडरबराने त्यांची सोनेरी टोकं घासली आणि पुन्हा खटकन बसवल्या. अर्धा वळसा. समोरचं बटणच खराब असेल म्हणून त्याच्या तारा बदलून पाहिल्या. अर्धा वळसा. मग पॉवर सप्लाय, म्हणजे आत वीज पुरवणारा जड डबा, त्यांनी बाकी सगळ्यापासून सोडवला. केसांच्या आकड्याची टोकं खरवडून त्यावरचा काळा रंग काढला आणि डब्याच्या जाड जोडातली हिरवी तार काळीला त्या आकड्याने जोडली. डब्याचा पंखा गरगर फिरायला लागला. म्हणजे वीज ठीक होती. मग माशी शिंकली कुठे, ते काही कळेना. सासूबाई आकडा पुन्हा केसात खोचून स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ नळ सोडून उभ्या राहिल्या. भांडी तर सगळी धुतलेली होती.

गुरुवारी माझ्या नवऱ्याने कहर केला. मला न सांगता त्याने एक मेकॅनिक आईकडे पाठवला. त्याला सांगितलं, पेटी घेऊन जा, दुकानात बघून टाक, पैसे मी देतो. तीन मजले चढून आलेल्या त्या माणसाला सासूबाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं, घाम पुसायला टॉवेल दिला आणि परत पाठवला. मग मुलाला फोन केला. त्या फोनचा एकच भाग मला ऐकू आला, तो म्हणजे नवऱ्याचं "अगं, पण" आणि "अगं, ऐक". नंतर तो मला म्हणाला, मी तर भलं करायला गेलो होतो. मी म्हटलं, त्याने पेटी उघडली असती तर त्या पैज तिथेच हरल्या असत्या, आणि ते तुला चांगलं ठाऊक होतं. तो टीव्हीकडे बघत बसला.

शनिवारी दुपारी मी पुन्हा गेले. दार उघडलं तेव्हाच मला त्यांचा चेहरा आवडला नाही. थकलेला होता. जेवलात का विचारलं तर हो म्हणाल्या, पण ओट्यावर एकही भांडं नव्हतं. तरी त्या हातावर हात धरून बसल्या नव्हत्या. मदरबोर्ड, म्हणजे ज्याच्यावर सगळं बसतं ती मोठी हिरवी पाटी, पेटीतून बाहेर काढून त्यांनी टेबलावर एका पुठ्ठ्यावर ठेवली होती. त्याला पॉवर सप्लाय जोडला, स्क्रीन जोडला. बटण तर पेटीतच राहिलं होतं, म्हणून बटणाच्या तारा जिथे बसतात त्या दोन बारीक टोकांना त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं पातं टेकवलं.

पंखा फिरला आणि फिरतच राहिला. स्क्रीनवर अक्षरं आली.

मी ओरडणार होते, पण टॉर्चला तोंड नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "बघ. मोकळं ठेवलं की चालतं, डब्यात घातलं की बंद. सांग तुझ्या नवऱ्याला."

हसणं झालं आणि त्या पुन्हा गंभीर झाल्या. पैज अशी उघड्यावरची नव्हती, सगळं पेटीत बसून चालायला हवं होतं. बोर्ड चांगला, वीज चांगली, म्हणजे खोट पेटीत. त्यांनी रिकामी पेटी आडवी केली आणि मला टॉर्च मारायला सांगितलं. आतल्या पत्र्यावर पितळी खुंट्या उभ्या होत्या, बोटाच्या पेराएवढ्या. बोर्ड पत्र्याला चिकटू नये म्हणून या खुंट्यांवर ठेवून वरून स्क्रू मारतात. सासूबाईंनी बोर्ड हातात धरला, त्याच्या भोकांकडे पाहिलं, मग खुंट्यांकडे पाहिलं, मग पुन्हा भोकांकडे. त्या हळूच खुर्चीवर बसल्या.

नव्या पेटीच्या पत्र्याला लहानमोठ्या सगळ्या मापांच्या बोर्डांसाठी भोकं होती. खुंट्यांची पुडी पेटीबरोबर सुटी आली होती. आणि आमच्या नापासबाईंनी एकूण एक भोक भरलं होतं. बोर्डाला जिथे भोकच नव्हतं, तिथेही पत्र्यावर खुंटी उभी होती, आणि ती खालून नको तिथे टेकत होती. पितळ टेकलं की वीज भलत्या वाटेने पळायची, आणि पॉवर सप्लाय जिवाच्या भीतीने स्वतःला बंद करून घ्यायचा. म्हणून तो अर्धा वळसा.

"मीच घातल्यात," त्या म्हणाल्या. "कोणी सांगितलं नव्हतं. रिकामं दिसलं म्हणून घातल्या."

होतं असं कधी कधी, वगैरे काहीतरी मी पुटपुटले. त्यांनी हात झटकला. असं होत नसतं, करणारा करतो तेव्हा होतं, असं म्हणाल्या, आणि ज्या आवाजात शेगड्या परत पाठवत असतील त्याच आवाजात पुढे म्हणाल्या, "नापास."

मग त्यांनी पक्कड घेतली आणि जास्तीच्या खुंट्या काढायला लागल्या. पहिली निघाली. तिच्या जागी उघडं भोक राहिलं आणि त्यांचा हात तिथेच थबकला. त्यांनी त्या भोकावरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता यात काहीतरी कोंबतात. डोळ्यांना खुपतंय म्हणाल्या. मग दुसरी खुंटी पकडीत धरली आणि म्हणाल्या, "खुपू दे." बाकीच्या त्यांनी भराभर काढल्या. संध्याकाळच्या आत सगळं पेटीत बसलं होतं. त्यांनी बटण दाबलं, पंखे फिरले, आणि आम्ही दोघींनी मिळून बिस्किटांचा अख्खा पुडा संपवला.

रविवारी नवरा आला तो पैज जिंकल्याच्या थाटात, कारण मी त्याला काही कळू दिलं नव्हतं. सासूबाईंनी त्याला बटण दाबायला लावलं. स्क्रीन उजळला. त्याने पेटीच्या मागे हात घालून पाहिला, जणू मागे कोणी लपलंय. कोणाची मदत घेतली नाहीस ना, असं विचारलं. मी म्हटलं, टॉर्च मी धरली होती, पण टॉर्चला तोंड नव्हतं. तो खुर्चीत बसला. हरलेल्या माणसाचा चेहरा वेगळा असतो. याचा घाबरलेला होता.

"आई, रात्री फोन वाजला की मला धडकी भरते," तो म्हणाला.

"मलाही भरते, तू गाडी घेऊन लांब जातोस तेव्हा. म्हणून मी तुझी गाडी काढून घेतलीय का?"

मग त्याने विचारलं की खरं सांग, हा चालू झाला नसता तर आली असतीस का.

"नसते आले."

"मग पैज कशाला लावलीस?"

"तू आठवडाभर गप्प बसावंस म्हणून. तेही तुला जमलं नाही."

तो हसला. बऱ्याच दिवसांनी आईसमोर असा हसला. मग गाडी काढायला खाली गेला, आणि मी माझी पर्स घ्यायला आतल्या खोलीत गेले. आल्या आल्या मी ती दारातूनच पलंगावर टाकली होती. ती घेऊन वळले तर दारामागे बॅग उभी होती, मोठी, प्रवासाची. चेन अर्धी उघडी होती. आत कपडे होते, गोळ्यांचा डबा होता, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चपला होत्या. सगळ्यात वर टॉवेलात बांधलेला सासऱ्यांचा फोटो होता. मी भिंतीकडे पाहिलं. फोटोच्या जागी रंगाचा नवा कोरा चौकोन दिसत होता.

"शुक्रवारी भरली," मागून सासूबाई म्हणाल्या.

"म्हणजे तुम्ही आला असता."

"शब्द दिला होता."

मी बॅगेपुढे खाली बसले. मी कपडे काढून देत गेले, त्या कपाटात ठेवत गेल्या. नवऱ्याला सांगायचं नाही म्हणाल्या. नाही सांगणार, म्हटलं. फोटो त्यांनी माझ्या हातातून घेतला, पदराने पुसला आणि जागेवर लावला.

"असला शब्द आता या जन्मात कोणाला देणार नाही," त्या फोटोकडे बघत म्हणाल्या. "घर माझं आहे. मी ते पणाला लावलं, हीच चूक झाली."

खाली गाडीचा हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. मी पर्स खांद्याला लावून निघाले, तर त्यांनी माझा हात धरून मला पलंगावर बसवलं.

"वाजू दे," त्या म्हणाल्या.