ठोकलेली वाळू

ज्या सकाळी मी दिंद्रुडहून जर्मनीला निघाले, त्याच सकाळी माझी धाकटी बहीण कमल ऊसतोडीला निघाली. मी एस.टी. स्टँडवरून, ती गावाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या ट्रॅक्टरवरून. स्टँडवर माझ्यासाठी हार होते, सरपंच होते, गुरुजी होते, फोटोवाला होता. ट्रॅक्टरजवळ फक्त टोळी होती. आई-बाबा टोळीतच असायचे, म्हणून आई सामानापाशी थांबली आणि बाबा धावतपळत माझ्याकडे आले. दरवर्षी ट्रॉली भरताना सांगायचे तेच त्यांनी सांगितलं, "आधी सामान मोज, मंग माणसं मोज, मंग गाडीत बस." मी बॅगा मोजल्या. माणसं मोजायचा प्रश्न नव्हता. मी एकटीच चालले होते.

मला सगळे याद्या करणारी बाई म्हणून ओळखतात. सामानाची यादी, कामांची यादी, विसरू नयेत अशा गोष्टींची यादी. गावाकडचे लोक कौतुकाने म्हणतात, जर्मन शिस्त लागली. ऐकलं की माझं डोकं फिरतं. ही शिस्त ट्रॉलीवरची आहे. सहा महिन्यांचा संसार एका ट्रॉलीत बसवणाऱ्या बाईइतकं नेटकं सामान मी जर्मनीत कुणाला लावताना पाहिलेलं नाही. पण तिच्या त्या कामाला शिस्त म्हणायचं कुणाला सुचत नाही.

माझं काम सांगायला सोपं आहे. काचेच्या पेटीत मी रंगीत वाळूचे पातळ थर चाळणीने पाडते, एकावर एक. पेटीची एक भिंत मोटरने हळूहळू आत सरकते. थर वाकतात, तुटतात, एक तुकडा दुसऱ्यावर चढतो. जुन्या समुद्राच्या खोलगट तळाशी युगानुयुगे गाळ साचतो, त्याचा खडक होतो, मग जमीन तो दोन्हीकडून दाबते आणि डोंगर उभे राहतात. ते सगळं एका दुपारी काचेतून बघता येतं, कारण कोरडी वाळू लहान मापात जशी तुटते, जवळपास तसाच खडक मोठ्या मापात तुटतो. एकच पथ्य पाळायचं. चाळणीतून पडलेल्या वाळूला हात लावायचा नाही, पेटीला धक्का द्यायचा नाही. धक्का बसला की वाळू घट्ट होते, आणि घट्ट वाळू वेगळी वागते.

गावात याचं भाषांतर एकच: लई शिकली अन् वाळूत खेळती.

या वर्षी गावाने माझा सत्कार ठरवला. मी कळवलं, सत्कार नको, शाळेत पेटी मांडून दाखवते. अटींची यादी पाठवली. पहिली अट ठळक अक्षरात होती: टोळ्या निघायच्या आधी. टोळ्या दसऱ्यानंतर निघतात हे दिंद्रुडमध्ये शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तारीख ठरली दिवाळीनंतरची, कारण प्रमुख पाहुण्यांना आधी सवड नव्हती. मी फोन केला, तेव्हा निम्मा वर्ग उसाच्या फडात असेल, मग दाखवायचं कुणाला? पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "म्याडम, कार्यक्रम तर व्हईल ना." हे वाक्य मला अजून चावतं.

त्या निम्म्या वर्गात कमलची रेखा होती, आठवीतली. तिला फडावर न्यायचं ठरलं होतं, कारण धाकट्या बबलूला सांभाळणार कोण? कमल आणि तिचा नवरा दत्ताराव पहाटे कोयते घेऊन निघणार आणि रेखा फडाजवळच्या पाचटाच्या कोपीत पोरगं राखत बसणार. माझं म्हणणं होतं, रेखा आईजवळ राहू दे. कमल म्हणायची, "आयला स्वतःला उठताना भिंत धरावी लागती, अक्का. तिच्या गळ्यात आणखी पोरगी घालू?"

मी दसऱ्यालाच आले आणि टोळी निघायच्या आदल्या दुपारी कमलच्या अंगणात पेटी मांडली. माशांच्या टाक्या बनवणाऱ्याकडून माजलगावहून काच आणली. सरकत्या भिंतीला फळी, ढकलायला ट्रॅक्टरचा जुना जॅक. ओढ्याची वाळू वाळवून चाळली, थोडी गेरूने रंगवली, थोडी निळीने. बांधलेल्या बोचक्यांवर टोळी बसून बघत होती.

"आमी दिवसभर ऊस तोडतो, ह्या बाई डोंगर मोडत्यात," कुणी तरी म्हणालं.

"मोडत न्हाईत बे, बनवत्यात," दत्ताराव म्हणाले आणि माझी बाजू घेण्याच्या भरात पुढे झाले. "पर अक्का, वाळू लई ढिली बसलीय." मी हात धरायच्या आत त्यांनी जॅकच्या बाजूने पेटीला तळहाताचे चार सणसणीत ठोके दिले. ज्वारीचं पोतं भरताना देतात तसेच. आमच्याकडे कुठलीही भरलेली वस्तू ठोकल्याशिवाय पूर्ण होत नाही.

"दत्ताराव, पोतं न्हाई ते," मी ओरडले.

"आता बसली बगा चांगली."

पुन्हा थर पाडायला वेळ नव्हता. जॅक रेखाने फिरवला. मी सांगून ठेवलं होतं की पहिली भेग जॅकजवळ पडेल. तिथे काहीच झालं नाही. ठोकलेली वाळू जशीच्या तशी पुढे सरकली आणि तिच्यापलीकडची, जिला कुणी हात लावला नव्हता ती निळी-तांबडी वाळू तुटून वर चढली.

"मावशी, जवळचं कावून न्हाई तुटलं?"

"ते घट्ट झालंय. ते स्वतः तुटत नाही, रेटा पुढे देतं. पुढचं ढिलं असतं, ते तुटतं."

मी सवयीने काचेचा फोटो काढला. कमलने मोबाईलमध्ये डोकावून पाहिलं.

"लेकीचा हात कावून कापला?"

"आमच्या फोटोत हात नसतो. नुसते थर दाखवायचे."

"म्हंजी कुनी ढकललं ते कुनाला कळूच देत न्हाई तुमी?" ती हसत म्हणाली आणि बबलूचं नाक पुसायला गेली.

मला हसू आलं नाही. बीडबद्दल जे काही लिहिलं जातं तेही असंच. टोळ्या निघाल्या. गावं ओस पडली. मुलांची शाळा सुटली. सगळे थर दिसतात, जॅक दिसत नाही. जणू कमलला दरवर्षी दसऱ्यानंतर आपोआप उसाकडे जावंसं वाटतं, आणि जणू आठवीतल्या पोरीची हौसच आहे की कोपीच्या दारात भाऊ घेऊन बसावं. माझ्या जाण्याला प्रगती म्हणायचं आणि तिच्या जाण्याला रीत. मी रेखाला पुन्हा जॅक धरायला लावला आणि हातासकट फोटो घेतला.

आई इतका वेळ ओट्यावर बसून होती. तिथूनच म्हणाली, "कमल, माझे गुडघे माझे मी बगीन. मला ठोकून ठोकून घट्ट केलंय, मी काय तुटत न्हाई. पोरगी ऱ्हाईल."

"अन् बबलू?"

"बबलूला तू ने. दोन न्हाई व्हायची मला."

कमल उठली. रेखाच्या कपड्यांचं बोचकं सोडून तिने घरात नेऊन ठेवलं.

सकाळी ट्रॉली भरली. कमलने सामान मोजलं, मग माणसं मोजली. सवयीने रेखालाही मोजणीत धरलं, थांबली, पुन्हा पहिल्यापासून मोजलं. बबलू तिच्या कडेवर होता. आता फडात ती ऊस तोडणार आणि बांधावर बसवलेल्या पोराकडेही बघणार. मी भांडून मिळवलेल्या गोष्टीचा भार नेमका तिच्यावर गेला आहे, हे आम्हा दोघींनाही कळत होतं. "फोन कर तिला रोज," एवढंच ती म्हणाली.

सत्काराला मी थांबले नाही. तरी तो झाला. माझ्या फोटोला हार घातला, पाहुणे बोलले, शाल घरी पोचती केली. ती आई गुडघ्यांवर घेते.

इथे जर्मनीत नवं कुणी भेटलं की विचारतं, तुमचं घर कुठे? मी मनात मोजते. आई आणि रेखा दिंद्रुडला, कमल, दत्ताराव आणि बबलू उसात, मी इथे. बाबा मोजणीतून गेले. ज्यांना मोजल्याशिवाय मला गाडीत बसता येत नाही ते माझं घर, आणि ते एका जागी कधी मोजून होत नाही. याचं मला दुःख आहे असं समजून लोक सहानुभूती दाखवतात. दुःख नाही, राग आहे. दुःख असतं तर मी गप्प बसले असते.

रेखाने परवा फोनवर सांगितलं, तिने पुन्हा थर पाडले, पण आज्जीने जाता-येता पेटीला एक चापट मारलीच. रेखाच्या हाताचा तो फोटो मी प्रयोगशाळेत मोटरच्या वर लावला आहे. सहकारी म्हणतात, चित्र चांगलं आहे, फक्त डावीकडचा हात काढून टाक.

मी काढत नाही.