खुर्चीवरचा मफलर

मत्स्यखात्यातल्या ताईला त्या जागतिक परिषदेच्या इमारतीत सगळे ‘धावती’ म्हणत. देशातून ती एकटीच यायची आणि बैठका मात्र एकाच वेळी पाच-सहा खोल्यांत चालायच्या. बड्या देशांचं वऱ्हाडच असायचं. खोलीगणिक चार माणसं, शिवाय कॉफी आणायला एक. ताई बिचारी एका खोलीत तोंड उघडेपर्यंत दुसरीकडे निकाल लागलेला असायचा. तिथला नियम साधा होता आणि दुष्टही. अध्यक्ष विचारायचे, “कुणाची हरकत?” कोणी बोललं नाही की हातोडा पडायचा. रिकामी खुर्ची म्हणजे होकार. गरीब देशांनी असे कितीतरी होकार जागेवर नसतानाच देऊन टाकले होते.

हे तिनं घरी सांगितलं तेव्हा बाप पोट धरून हसला होता. जन्म समुद्रावर काढलेला माणूस तो. “अगं, आपण लाँचमध्ये जागा कशी धरायचो?” लहानपणी बाजाराला जाताना तो गर्दीच्या डोक्यावरून आपला मफलर बाकावर भिरकावायचा आणि मग पोरीला घेऊन ऐटीत आत शिरायचा. त्या मळकट मफलरवर बसायची कोणाची छाती नव्हती. तोच मफलर त्यानं तिच्या गळ्यात घातला. तिकडे थंडी असते म्हणून.

बापानं थट्टा केली होती, पण ताईनं ती मनावर घेतली. तिच्यासारखेच एकेकटे आलेले आणखी चार छोटे देश तिनं गाठले. त्यातली एक बेटावरून यायची, ती पुढे जिवाभावाची मैत्रीण झाली. तिला सगळे ‘बेटवाली’ म्हणत.

“आपण पाच जण पाच ठिकाणी रडगाणं गातो,” ताई म्हणाली, “त्यापेक्षा खोल्या वाटून घेऊ. जो ज्या खोलीत असेल, त्यानं पाचही देशांच्या वतीनं बोलायचं.”

“आणि मध्येच उठावं लागलं तर?” बेटवालीनं विचारलं.

“खुर्चीवर आपली वस्तू ठेवायची. म्हणजे मी इथेच आहे, आत्ता येते. खुर्ची उघडी दिसली, तर मात्र दुसऱ्यानं हातातलं सोडून तिथे जाऊन बसायचं.”

आपापल्या सरकारांची संमती मिळवताना पाचही जणांच्या नाकी नऊ आले. बड्यांनी आधी हसण्यावारी नेलं. मग पाच देश एका आवाजात हरकत घ्यायला लागले, तसे तेच बडे चहाच्या सुट्टीत हळूच जवळ येऊन विचारायला लागले, “तुमचं काय म्हणणं आहे?” त्याआधी त्या इमारतीत ताईला कोणी किती वाजले एवढंसुद्धा विचारलं नव्हतं.

अशी काही वर्षं घासल्यावर एक कलम मसुद्यात शिरलं. समुद्र खरवडून नेणाऱ्या अजस्र जहाजांनी छोट्या देशांच्या किनाऱ्यापासून लांब राहायचं. बापाची जाळी याच जहाजांपायी रिकामी यायला लागली होती, आणि आता त्याच होडीवर भाऊ संसार ओढत होता. शेवटच्या दिवशी ते कलम ताईच्या खोलीत येणार होतं. ते गाळायला बडे टपलेलेच होते.

नेमका त्या सकाळी भावाचा फोन आला. “ताई, बाबांचं काही खरं नाही. तुझं नाव घेतायत. निघ.”

तिनं घड्याळ पाहिलं. कलमाला अजून वेळ होता. खुर्ची उघडी दिसली की कोणीतरी येऊन बसेल, व्यवस्था चोख होती, तिनंच बसवलेली. बेटवाली दुसऱ्या खोलीत बोलत होती, तिला तिनं फोनवर निरोप टाकला. कागद गोळा केले, कोट घेतला. आणि दरवेळी उठताना जे करायची तेच हातांनी आपसूक केलं. गळ्यातला मफलर काढला आणि खुर्चीवर ठेवला.

विमान वर गेल्यावर मानेला गार लागलं, तेव्हा तिचा हात गळ्याशी गेला आणि मफलर कुठे राहिला ते तिला आठवलं.

दवाखान्याच्या दारात फोनवर बेटवालीचा निरोप वाचला. ‘तुझा निरोप दुपारी पाहिला. त्याआधी दोनदा दारातून डोकावले होते. मफलर दिसला, म्हणून आम्ही पुढच्या खोलीत गेलो. कोणी हरकत घेतली नाही. कलम गेलं गं.’

आत वहिनी बापाचे ओठ ओल्या कापसानं टिपत होती. त्यानं डोळे उघडले.

“आलीस?”

“आले, बाबा.”

त्याचा हात चाचपडत तिच्या मानेपर्यंत गेला. “मफलर कुठाय?”

हरवला म्हणाली असती तर चाललं असतं. पण बापाशी खोटं बोलायला जीभ वळेना. “खुर्चीवर ठेवून आलेय.”

बापाच्या चेहऱ्यावर लाँचमधलं ते जुनं हसू आलं. “मग काय,” तो म्हणाला, “कोणाची छाती आहे तिथं बसायची.” आणि त्यानं समाधानानं डोळे मिटले. संध्याकाळी तो गेला.

दवाखान्याच्या पायरीवर भाऊ शेजारी येऊन बसला. “निदान तुझं काम तरी झालं का गं तिथलं?”

ताईनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिला जे रडू फुटलं ते आवरेना. बापासाठीच रडतेय असं त्याला वाटलं. तिला जवळ घेऊन, जाळ्यानं घट्टे पडलेल्या हातानं तो तिची पाठ थोपटत राहिला.