श्रीखंडाच्या डब्यातल्या गोळ्या

दिवा स्टेशनजवळच्या एका इमारतीत हेमाच्या घरी श्रीखंडाचा एक रिकामा डबा होता. कुणाच्या अँटिबायोटिकच्या पाच गोळ्यांतल्या दोन उरल्या की त्या डब्यात जायच्या आणि शेजारी कुणाला ताप भरला की त्यातूनच निघायच्या. हेमा वीस वर्षं डोंबिवलीच्या एका लॅबमध्ये जंतू तपासत होती, म्हणजे इमारतीच्या लेखी अर्धी डॉक्टरच. खरं सांगायचं तर तिलाही ते आवडायचं.

मंगळवारी सकाळी तिने जंतू वाढवलेली तपासणीची प्लेट उघडली. औषधाच्या बारा टिकल्या, पण एकीच्याही भोवती मोकळं कडं नाही. जंतू सगळ्या औषधांना पुरून उरले होते. नमुना तिच्या समोरच्या घरातल्या रंगूबाईंचा होता. लघवीचा संसर्ग रक्तात उतरून त्या कळव्याच्या दवाखान्यात तापाने फणफणत होत्या.

आता एकच वाट होती. आशिया-आफ्रिकेतल्या गरीब देशांच्या लॅबनी मिळून एक जाळं उभारलं होतं. कुठे कोणतं औषध हरलं ते एकमेकांना कळवायचं आणि राखीव औषधं गरजेप्रमाणे वाटून घ्यायची. हेमाने माहिती पाठवली. तासाभरात केनियातल्या डॉक्टरीणबाईंचं उत्तर आलं. असे जंतू त्यांनी पाहिले होते. औषधं दोन होती, पण पेशंटने आधी काय घेतलं, किती आणि कुणी दिलं, त्यावरून कोणतं ते ठरणार होतं.

"घरचे म्हणतात काहीच नाही घेतलं," लॅबचे प्रमुख डॉ. प्रफुल्ल म्हणाले. "'माहीत नाही' लिहा आणि पाठवा, हेमाताई. वेळ नाहीये."

घरचे खोटं बोलत नव्हते. हेमाच्या गोळ्या त्यांच्या लेखी औषधात मोडतच नव्हत्या. पण अशा दोन-दोन गोळ्यांनी जंतू मरत नाहीत, उलट निबर होतात, हे हेमाला पक्कं ठाऊक होतं.

'माहीत नाही' लिहिलं तर नोकरी राहील, अब्रूही राहील. पण औषध चुकलं तर रंगूबाई राहणार नाहीत. हेमाला स्वतःची शिसारी आली. तिने गोळीचं नाव लिहिलं, 'वर्षात पाच वेळा, दर वेळी दोन' असं लिहिलं आणि कुणी दिली, तिथे स्वतःचं नाव घातलं. प्रफुल्लांनी ते वाचलं आणि तसंच पाठवून दिलं.

केनियातून औषधाचं नाव आलं आणि संध्याकाळी जाळ्याच्या जवळच्या साठ्यातून ते औषध पोचलं. चौथ्या दिवशी ताप उतरला. हेमा भेटायला गेली तेव्हा रंगूबाई तिचा हात धरून सुनेला म्हणाल्या, "हिच्या हाताला गुण आहे गं. हिच्या गोळ्यांवर मी अख्खं वर्ष काढलेलं."

"मावशी," हेमा म्हणाली, "त्याच गोळ्यांनी तुम्हाला इथे आणलं."

रंगूबाईंनी धरलेला हात सोडला.