बरणीतले दोन थेंब

कामरगावच्या तेलघाणीवाल्या काकांना घाई माहीत नाही. प्रत्येकाचं तेल ते एक डोळा मिटून उजेडात बघतात.

यंदा माझ्या बरणीत पाण्याचे दोन थेंब तेलातून खाली सरकताना दिसले.

"काका, पाणी आहे यात. लोणच्याला बुरशी येईल. आणि माझी बस दहा मिनिटांत आहे."

"थांबा बाई. मांगचा मोठा हाये, पुढच्याले गाठून राह्यला."

मागच्याने खरंच गाठलं. दोघे एक होऊन झपकन तळाला गेले.

"पाहा, जोडीनं लवकर जातेत."

बस गेली. काकांनी वरचं तेल काढून घेतलं, बरणी आतून कोरडी पुसली, तेल परत भरलं.

"माह्या घाणीचंच पाणी असन," रांगेतल्या सगळ्यांदेखत म्हणाले.

घरी आल्यावर सकाळची यादी पाहिली. 'बरणी धुणे'वर खूण होती. 'पुसणे' मी लिहिलंच नव्हतं.